ओरेगॉनला गेलेल्या पणजीचं माहेर कसं शोधायचं

१८४०-५० च्या सुमारास अमेरिकेत वॅगनमधून (बैल-घोडे जुंपलेल्या मोठ्या गाडीतून) पश्चिमेला ओरेगॉनकडे गेलेल्या बाईचा माग काढायचा म्हटलं की पहिला घोळ आडनावाचा, लग्न झालं की माहेरचं नाव पुसलं, आणि १८५० च्या आधीच्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकीचे वयोगटाच्या रकान्यात नुसते आकडे. म्हणून सुरुवात तिच्यापासून करूच नका, मुलांपासून करा. मुलाच्या डेथ सर्टिफिकेटवर आईचं माहेरचं आडनाव असू शकतं, फक्त माहिती कोणी दिली ते बघा, जावयाने सांगितलेलं असेल तर लगेच पक्कं धरू नका.

मग १९०० ची जनगणना उघडा, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट आहे. त्यात बाईला मुलं किती झाली आणि हयात किती असं विचारलंय. समजा ८ आणि ५ लिहिलंय आणि तुमच्याकडे हयात मुलांची चारच नावं आहेत, म्हणजे एक अजून सापडायचंय (बहुतेक लग्न होऊन आडनाव बदललेली मुलगी) आणि तीन आईच्या डोळ्यांदेखत गेलेली. हे दोन आकडे वाचून मला दरवेळी कसंतरीच होतं. १८९० च्या नादी लागू नका, १९२१ च्या आगीत आणि त्यानंतर तिची जवळजवळ सगळी वाट लागली.

खरा खजिना जमिनीच्या कागदांत. ओरेगॉनच्या १८५० च्या कायद्यात आधीच येऊन राहिलेल्या गोऱ्या जोडप्याला ६४० एकर, त्यातले ३२० बायकोच्या स्वतःच्या नावावर (जमीन मूळची आदिवासींची, ते वेगळंच), त्यामुळे फाइलमध्ये लग्नाची तारीख नि गाव सापडतं. १८६२ च्या होमस्टेड कायद्यात १६० एकर, अविवाहित बाई किंवा विधवाही क्लेम करू शकायची. ऑनलाइन पेटंट (सरकारने जमीन नावावर केल्याचा कागद) बघून थांबू नका हां, ते नुसतं एक पान असतं, पूर्ण केस फाइल नॅशनल आर्काइव्ह्जकडून (अमेरिकेचं सरकारी दफ्तरखाना) मागवा, त्यात घर केवढं, किती एकर नांगरली, असलं सगळं साक्षीदारांनी सांगितलेलं असतं.

नवरा सिव्हिल वॉरमध्ये (१८६१-६५ चं अमेरिकेतलं यादवी युद्ध) युनियनकडून, म्हणजे उत्तरेच्या बाजूने, लढलेला असेल तर विधवा पेन्शनची फाइलही मागवा. लग्नाचा पुरावा द्यावा लागायचा, काहींनी घरच्या बायबलची पानं फाडून जोडलीत! आणि त्यात कोणी ‘मी हिला लहानपणापासून ओळखते’ असं लिहून दिलं असेल तर त्या बाईलाही शोधा, ती बऱ्याचदा बहीण नाहीतर गाववाली निघते.