बोधकथा लिहिताना उपदेश कुठे ठेवावा

बोधपर लेखन फसते ते बहुधा उपदेश चुकीचा असतो म्हणून नव्हे. कथेत जे घडते त्याचा आणि शेवटच्या तात्पर्याचा मेळ बसत नाही म्हणून. शाळेच्या हस्तलिखितासाठी, संस्कारवर्गासाठी किंवा कीर्तनाच्या उत्तररंगासाठी, म्हणजे आख्यान सांगण्याच्या उत्तरार्धासाठी, कथा रचणाऱ्याने प्रथम आपली शिकवण सद्गुणाच्या नावाने न मांडता कृतीच्या रूपात लिहून पाहावी. ‘प्रामाणिक असावे’ यातून कथा निघत नाही. ‘घरात तेलाला पैसे नसतानाही वाण्याने चुकून जास्त दिलेले पन्नास रुपये परत करावेत’ यातून ती निघते, कारण इथे मोह खरा आहे. मोह लटका असला की पात्राचा चांगुलपणाही फुकटचा वाटतो.

त्यानंतर घटनांचा क्रम ठरवावा, आणि हा भाग सर्वांत अवघड. पंचतंत्राच्या ‘अपरीक्षितकारक’ या पाचव्या तंत्रातील ब्राह्मणी आणि मुंगूस यांची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. आई पाणी आणायला जाते, बाळाकडे साप येतो, मुंगूस त्याला मारते, रक्ताळलेल्या तोंडाने तिच्या स्वागताला धावते आणि ती हातातली घागर त्याच्यावर टाकते. सापाची झटापट आपल्याला आधीच दाखवलेली असते, तिला मात्र ती ठाऊक नसते. त्यामुळे घागर उचलली जाते त्या क्षणी तिचा हात धरावा असे वाचकाला वाटते. पुरती पारख न करता काही करू नये, हा धडा त्या वाटण्यातच शिकून होतो. मेलेला साप वाचकालाही आईबरोबरच दिसला असता, तर कथा चटका लावून गेली असती, पण सावध करून गेली नसती. शिवाय ही बाई दुष्ट नाही, तिची घाई मायेपोटीच झालेली आहे. चूक करणारे पात्र आपल्यासारखे असावे, नाहीतर वाचक ‘हे आपल्याबद्दल नाही’ म्हणून मोकळा होतो.

शिकवण तत्त्वाची असेल तर घटनेपेक्षा दृष्टांत बरा. त्याचा उत्तम नमुना केशिराजबासांनी संकलित केलेल्या ‘दृष्टान्तपाठा’त सापडतो: आधी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचे सूत्र, मग त्यांचाच दृष्टांत, आणि शेवटी त्या दोहोंची सांगड घालणारे दार्ष्टांतिक. त्यातल्या हत्तीच्या दृष्टांतात हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येकाचे म्हणणे हाताला लागलेल्या अवयवापुरते खरे असते, आणि एकदेशी, म्हणजे एका अंगापुरत्या, ज्ञानाची गोष्ट नेमकी तीच आहे. दृष्टांतातला जो तपशील मुद्द्याशी जुळत नाही तो कितीही गोड असला तरी काढावा. हत्तीच्या झुलीचे वर्णन इथे शोभले नसते.

कवितेत प्रश्न वेगळा असतो, तो म्हणजे बोलायचे कोणाशी. ‘मुलांनो, असे वागा’ अशी सुरुवात झाली की मुले खिडकीबाहेर पाहू लागतात. रामदासांनी मनाच्या श्लोकांत आपल्याच मनाला समजावले, त्यामुळे ऐकणाऱ्याला कोणी दटावल्यासारखे वाटत नाही आणि म्हणणारा तो उपदेश आपसूक स्वतःला करू लागतो. त्या श्लोकांच्या भुजंगप्रयात वृत्तातील ओळीच्या बारा अक्षरांची ठरलेली चाल पाठांतर सोपे करते, हा आणखी एक लाभ. एकनाथांनी भारुडात याहून धिटाईची युक्ती योजली: विंचू चावलेल्याचे सोंग घेऊन आधी हसवायचे आणि मग तो विंचू काम-क्रोधाचा असल्याचे उघड करायचे. नवशिक्याने मात्र रूपक एकच घ्यावे आणि ते शेवटपर्यंत निभवावे.

मसुदा झाल्यावर विशेषणे तपासावीत. ‘गणू फार लोभी होता’ असे लिहिले असेल तर ते खोडून ‘प्रसादाची परात फिरली तेव्हा गणूने दोन जागी बसून दोनदा हात पुढे केला’ असे लिहावे. निवाडा वाचकाने करायचा असतो. लेखकानेच तो आधी सांगून टाकला तर वाचकाला काम उरत नाही.

शेवटी कथा तात्पर्याशिवाय मोठ्याने वाचावी आणि ऐकणाऱ्याला ‘काय शिकलास?’ असे न विचारता ‘तू त्याच्या जागी काय केले असतेस?’ असे विचारावे. उत्तर भलतीकडे गेले तर तात्पर्य अधिक ठळक करण्यात अर्थ नसतो, घटनाच बदलावी लागते. स्पर्धेच्या नियमामुळे तात्पर्य देणे भागच असेल, तर ते एका वाक्यात आणि कथेत आधी आलेल्याच शब्दांत द्यावे.