जुनं एस्प्रेसो मशीन सोलापुरात दुरुस्त कसं करून घ्यावं

'कॉफी मशीन रिपेअर' अशी पाटी शोधत सोलापुरात हिंडू नका. मी हिंडलोय. मिक्सर-ओव्हन दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात माझं मशीन पंधरा दिवस पडून होतं. परत आलं ते "पार्ट येत नाही" या निरोपासकट, आणि आतली एक बारकी स्प्रिंग गायब करून.

शेवटी झाकण मीच उघडलं. आत काय, तर पाणी तापवणारा छोटा बॉयलर, पाणी ढकलणारा पंप, इस्त्रीत असतो तसला थर्मोस्टॅट, एक-दोन वॉल्व्ह आणि चार रबरी वायसर. शेजारचे वायरमन डोकावून म्हणाले, "हे गिझरच की ओ मालक!" मला वाट सापडली ती तिथं. अख्खं मशीन एकाच्या गळ्यात मारायचं नाही. एकेक पार्ट त्याच्या-त्याच्या माणसाकडे न्यायचा.

सगळ्यात आधी मशीन उलटं करून खालची पट्टी वाचा. परदेशातून भाच्याने आणलेलं असेल आणि पट्टीवर १२० व्होल्ट लिहिलं असेल, तर आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात नुसती पिन बदलून लावू नका. काही क्षणांत आतलं काहीतरी जळेल. त्याला २००० वॅटच्या आसपासचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो नेहमी ओट्यावर ठेवायची तयारी नसेल, तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका असंच मी सांगेन.

मग दुखणं ओळखा. पाणी थेंबथेंब येतंय आणि पंप कण्हतोय, तर बहुधा क्षार. कॉफीची पूड भरायच्या हँडलच्या कडेनं पाणी उडतंय, तर गास्केट. पंप घरघरतो पण पाणीच नाही, तर हवा अडकलीय किंवा पंप गेलाय. लावल्याबरोबर घरातला ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पडतो, तर बहुधा बॉयलर तापवणाऱ्या कॉइलमधून बॉडीत करंट उतरतोय. ही चार वाक्यं कागदावर लिहून सोबत न्या. "चालत नाही" एवढंच सांगितलं की मिस्त्री सगळंच खोलतो.

क्षाराचं काम घरीच होतं, आणि सोलापुरात निम्मी मशीनं क्षारानंच बसत असावीत. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, मध्ये बोअर नाहीतर टँकर. गिझरच्या कॉइलवर चढलेला पांढरा थर कुणी पाहिला नसेल? किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरभर कोमट पाण्यात २० ते ३० ग्रॅम विरघळवा. अर्धं पाणी मशीनमधून काढा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, उरलेलं काढा. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर रात्रभर भरून ठेवू नका, धातू खाल्ला जातो. नंतर दोन टाक्या साधं पाणी सोडा.

आता गास्केट. हँडल जिथं आवळतो तिथली ही जाड रबरी रिंग. उष्णतेनं ती काही वर्षांत बांगडीसारखी कडक होते. हँडल पूर्वी समोर सरळ थांबायचं आणि आता पार उजवीकडे जातंय, ही तिची खूण. प्लग काढा, मशीन पूर्ण थंड होऊ द्या. खालची जाळी काढून टोच्यानं रिंग उचकटा. माझी आठ तुकड्यांत निघाली आणि खोबणीत जळक्या कॉफीचा काळा लेप होता; तो खरवडण्यात अर्धा तास गेला. तो राहिला तर नवी रिंगही गळणार.

मापं तीन घ्यायची: बाहेरचा व्यास, आतला व्यास, जाडी. पट्टीनं नको, व्हर्नियर कॅलिपरनं, म्हणजे मिलिमीटरचा बारीक भाग मोजणाऱ्या चिमट्यानं. गॅजिया क्लासिकसारख्या मशीनला साधारण ७३, ५७ आणि ८.५ मिलिमीटर लागतात. जाडीत अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी हँडल एकतर आवळत नाही किंवा फार पुढं जातं. मॉडेलचं नाव टाकून रिंग ऑनलाइन मागवलेली बरी. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे मागांच्या आणि मशिनरीच्या स्पेअरमध्ये सील, ओ-रिंग बघायला गेलात, तर "फूड ग्रेड सिलिकॉन" एवढे शब्द ठासून सांगा. काळं नायट्राइल रबर तेलासाठी उत्तम. गरम पाण्यात त्याचा वास कॉफीला लागतो. आतल्या ओ-रिंगही याच फेरीत बदला.

पंपासाठी आरओवाल्याला बोलवा, त्याचा हात नळ्या-जोडण्यांवर बसलेला असतो. पण तो त्याचा पंप बसवायला निघेल. नको म्हणा. आरओचा पंप बहुधा २४ व्होल्ट डीसीवर चालतो आणि एस्प्रेसोला लागणारं ९ बारच्या आसपासचं प्रेशर देत नाही. बऱ्याच घरगुती मशीनमध्ये इटलीचा 'उल्का' पंप असतो (आकाशातल्या उल्केशी संबंध नाही, पण नाव लक्षात राहतं). जुन्याच्या लेबलवरचा नंबर, व्होल्ट आणि वॅट जुळवून तसाच मागवा. त्याआधी एक करून बघा: वाफेची चावी उघडी ठेवून पंप चालवा, किंवा शोषनळीत सिरिंजनं पाणी ढकला. माझा 'गेलेला' पंप असाच बोलता झाला. आरओची पांढरी नळी टाकीकडच्या बाजूला चालते. पंपानंतर दाब असतो, तिथं टेफ्लॉनचीच लागते.

कॉइल वायंडिंगवाल्याकडून तपासून घ्या, नाहीतर मल्टिमीटर असेल तर स्वतः. प्लग काढलेला, कॉइलच्या वायरी सुट्या केलेल्या. २३० व्होल्टवर १४०० वॅटची कॉइल साधारण ३८ ओहम दाखवते. काहीच दाखवलं नाही तर ती तुटलीय. कॉइलचं टोक आणि बॉडी यांत मात्र काहीही दिसता कामा नये. बॉयलरच्या धातूत ओतलेली कॉइल पुन्हा भरता येत नाही. बॉयलरच बदलावा लागतो, आणि तिथं खर्चाचा हिशेब मांडून थांबायलाही हरकत नाही.

याच टप्प्यावर एक वाक्य हमखास ऐकू येईल: "थर्मल फ्यूज उडलाय, डायरेक्ट करून देतो." देऊ नका करू. थर्मोस्टॅट चिकटला तर बॉयलर लाल होण्याआधी लाइन तोडणारी ती शेवटची वस्तू. बदलताना डिग्री आणि अँपिअर तेच घ्या, आणि तो नेमका का उडाला हेही शोधायला लावा.

सगळं जोडल्यावर पहिल्यांदा चालवताना बोर्डाला अर्थिंग आहे ना, बघा. झाकण लावूनच चालवा. कॉफी न घालता दोन-तीन कप पाणी काढा, खाली वर्तमानपत्र पसरा. कुठं ओलं होतंय ते कागद लगेच सांगतो. मग १८ ग्रॅम पूड भरून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरते का पाहा. दहा सेकंदांत भसकन आली तर आधी पूड बारीक दळा, मशीनवर राग काढू नका.

काढलेल्या जुन्या गास्केटचे तुकडे पिशवीत घालून, वर मापं आणि महिना लिहून ठेवा. माझी पिशवी मशीनच्या मागच्या बाजूला टेपनं चिकटवलेली आहे.