ड्युटी ऑफ केअरचं उत्तर लिहिताना या चुका टाळा

एलएलबीला टॉर्टच्या (नुकसानभरपाई मागता येते अशा दिवाणी चुकांच्या) पेपरात निग्लिजन्सचा, म्हणजे निष्काळजीपणाचा, प्रश्न आला की आधी ड्युटी ऑफ केअर, म्हणजे दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून काळजी घ्यायची कायदेशीर जबाबदारी, दाखवावी लागते, आणि निम्म्या पोरांचं उत्तर डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन केसमधल्या गोगलगायीपासून सुरू होतं. १९२८ ला पेस्लीच्या कॅफेत मैत्रिणीने घेऊन दिलेली जिंजर बीअर, बाटलीतून निघालेली गोगलगाय, १९३२ चा हाउस ऑफ लॉर्ड्सचा (ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाचा) निकाल, सगळं पाठ. (गंमत म्हणजे गोगलगाय खरंच होती का हे कोर्टात कधी सिद्धच झालं नाही, त्याआधीच तडजोड झाली.) पण त्या निकालातलं न्यायाधीश लॉर्ड अ‍ॅटकिनचं शेजारी तत्त्व (आपल्या वागण्याने ज्याला इजा होईल हे आधी दिसतं, त्याची काळजी घ्या) लिहिलं की ड्युटी सिद्ध झाली असं समजून पुढे जातात, तिथेच घोळ होतो, कारण नुकसान होईल हे आधी दिसत होतं एवढ्यावर ड्युटी येत नाही. तळ्यात कुणी अनोळखी बुडतोय आणि तुम्ही काठावर भेळ खात बसलात, तर काय होणार ते तुम्हाला लख्ख दिसतंय, तरी इंग्लिश कॉमन लॉ तुमच्यावर वाचवायची ड्युटी टाकत नाही. तिथला लाइफगार्ड असाल तर गोष्ट वेगळी.

दुसरी चूक हुशार पोरांची, म्हणून जास्त चिडचिड होते. ती प्रत्येक केसला कपॅरोची तिहेरी टेस्ट लावतात: नुकसान दिसण्यासारखं होतं का, दोघांत पुरेसा जवळचा संबंध होता का, जबाबदारी टाकणं रास्त आहे का. आता ट्रकवाल्याने सिग्नल तोडून बाईकवाल्याला उडवलं तर तिथे कसली टेस्ट लावताय, रस्त्यावरच्या ड्रायव्हरची ड्युटी कधीचीच ठरलेली आहे, एका ओळीत लिहा आणि ब्रीचवर, म्हणजे ती ड्युटी मोडली का यावर, या. कपॅरो ही १९९० ची केस, ऑडिटरच्या रिपोर्टवर विसंबून शेअर घेणाऱ्याचं पैशाचं नुकसान, म्हणजे मुळातच अवघड जागचं दुखणं. २०१८ मध्ये रॉबिन्सन केसला यूके सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलं की कपॅरो सगळीकडे लावायची टेस्ट नाही. हडर्सफील्डला पोलीस एका संशयिताला पकडत होते, त्या झटापटीत ७६ वर्षांच्या बाई खाली पडल्या, कोर्ट म्हणालं, पोलिसांनी स्वतःच्या कृतीने इजा केली, मग नेहमीचेच नियम लागणार. नवीन प्रकारची केस असेल तेव्हाच जुन्या निकालांशी ताडून एकेक पाऊल पुढे जायचं.

आपल्याकडची झाडांच्या दोन केसेसची जोडी तर कुणी लिहीतच नाही. राजकोटला रस्त्याकडेचं झाड अचानक पडून नोकरीवर निघालेला माणूस गेला, १९९७ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, प्रत्येक झाड सतत तपासत राहण्याची ड्युटी महापालिकेवर टाकता येणार नाही. दोनच वर्षांनी सुशीला देवी केस. दिल्लीत स्कूटरवाल्याच्या डोक्यात फांदी पडली आणि पालिका जबाबदार ठरली, कारण ते झाड वाळलेलं होतं, साल नाही, पानं नाहीत, बघणाऱ्याला धोका दिसत होता. म्हणून "पालिकेला ड्युटी असते" किंवा "नसते" असं एका वाक्यात ठोकून देऊ नका, झाड कसं होतं ते आधी विचारा.

ड्युटी आणि ब्रीचची खिचडीही नेहमीचीच. "डॉक्टरने चुकीची ट्रीटमेंट दिली म्हणून ड्युटी होती" हे वाक्य मी किती वेळा खोडलंय. अरे, ड्युटी त्याच्या आधीच आलेली असते! यासाठी लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले वाचा, आपल्या मातीतली केस आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर तरुण मुलाचं मांडीचं हाड मोडलं, त्याला पुण्याला आणलं, तिथे तो दगावला. १९६८ ला सुप्रीम कोर्टाने डॉक्टरच्या तीन ड्युट्या सांगितल्या: केस घ्यायची का हे ठरवताना, कुठली ट्रीटमेंट द्यायची हे ठरवताना आणि ती देताना. पहिली तर प्लास्टरला हात लावायच्या आधीच सुरू होते.