करकर, टिकटिक आणि मध्येच तुटणारा आवाज : घरच्या रेकॉर्डिंगमध्ये या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात गावी जाऊन आत्याच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. आत्याचं वय ८१, आवाज अजून खणखणीत. माझ्याकडे लॅपटॉप, दोन चॅनलचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी छोटी पेटी) आणि एक माइक. दीड तास ती गात होती, मी हेडफोन लावून ऐकत होते आणि कानाला सगळं स्वच्छ लागत होतं. पुण्याला परत येऊन फाइल उघडली, तर दर दहा-पंधरा सेकंदांनी ‘टिक्’. काही ठिकाणी अख्खं अक्षर गिळलेलं. गाणं नव्याने बसवणारा गायक दुसरा टेक देतो, म्हणजे पुन्हा गाऊन रेकॉर्ड करतो; ८१ वर्षांच्या बाईने ओघात म्हटलेली ओवी तशीच पुन्हा येत नाही.

त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला. त्या दिवशी माझ्या चार चुका झाल्या होत्या, आणि त्यातली कोणतीही चूक टाळायला महागडं यंत्र लागत नव्हतं.

हेडफोनमध्ये स्वच्छ म्हणजे फाइलमध्येही स्वच्छ, असं धरून चालणं

ही माझी पहिली चूक. बहुतेक ऑडिओ इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाचं बटण किंवा खुंटी असते. ती चालू केली की माइकचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनमध्ये येतो. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत नाही, हा तिचा मोठा फायदा. पण याचा अर्थ असाही होतो की कॉम्प्युटरमध्ये काय बिघडतंय ते तुम्हाला ऐकूच येत नाही. फाइलला खड्डे पडत असतात आणि कानात मात्र गुळगुळीत आवाज.

म्हणून खरं रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी दोन-तीन मिनिटांचं चाचणी रेकॉर्डिंग घ्या आणि ते वाजवून ऐका. त्याच जागी, त्याच प्लगवर, त्याच सेटिंगवर. घरी तपासलं होतं म्हणून गावी तपासलं नाही, असं करू नका.

दोष कुठे आहे ते न बघता सेटिंग बदलत सुटणं

करकर ऐकू आली की हात आधी सेटिंगकडे जातो. पाच गोष्टी एकदम बदलल्या जातात आणि मग आवाज सुधारला तरी कशामुळे, ते कळत नाही. आधी एकच प्रश्न सोडवा : दोष फाइलमध्ये आहे की फक्त वाजवताना येतोय?

तीच जागा तीन वेळा वाजवा. ‘टिक्’ दर वेळी नेमक्या त्याच अक्षरावर येत असेल, तर बहुधा ती फाइलमध्ये बसलेली आहे. दर वेळी जागा बदलत असेल, तर रेकॉर्डिंग शाबूत आहे आणि कॉम्प्युटर वाजवताना धापा टाकतोय. खात्रीसाठी तो तुकडा एक्सपोर्ट करून मोबाइलवर ऐका. एक्सपोर्ट करताना सॉफ्टवेअरला वेळेची घाई नसते, एखाद्या सेकंदाच्या आवाजाला दोन सेकंद लागले तरी चालतात, त्यामुळे वाजवतानाची करकर सहसा एक्सपोर्टमध्ये उतरत नाही. माझ्या ओळखीतल्या एका तबलावादकाने अशा करकरीमुळे चांगला टेक पुसून टाकला होता. ती फक्त वाजवतानाची करकर होती.

दोष फाइलमध्येच असेल तर तरंग (स्क्रीनवर दिसणारी आवाजाची रेघ) मोठा करून बघा, अगदी एकेक नमुन्याचा ठिपका दिसेपर्यंत. नमुना म्हणजे कॉम्प्युटर सेकंदाला हजारो वेळा करतो ती आवाजाची एकेक मोजणी. रेघ नैसर्गिक वळणाने जाता जाता एकदम उभी तुटली असेल, किंवा मध्येच शून्यावर सपाट झाली असेल, तर नमुने हरवलेत. कॉम्प्युटर वेळेत पोचला नाही. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर तर असे तुकडे हरवल्याचं लक्षात आलं की त्या जागांवर लेबल लावून तसं सांगते. तरंगाचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट दिसत असतील, तर ते क्लिपिंग : गेन, म्हणजे माइकचा आवाज आत घेताना वाढवण्याचं प्रमाण, जास्त होता. आवाजाचं टोक उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या आसपास (शून्य ही क्लिपिंगची हद्द) राहील इतकाच गेन ठेवा. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये एवढी जागा सोडली तरी काही बिघडत नाही. आणि ‘टिक्’ फक्त तुम्ही जिथे तुकडे जोडलेत तिथेच येत असेल, तर जोडावर काही मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या (एक तुकडा हळूहळू विरतो, तेव्हाच दुसरा हळूहळू चढतो), विषय संपला.

बफर कायम सर्वांत लहान ठेवणं

बफर म्हणजे कॉम्प्युटर आवाज तात्पुरता साठवतो ती जागा, घरातल्या पाण्याच्या पिंपासारखी. नळाला पाणी तासाभरासाठी येतं, पण पिंप भरलेलं असल्यामुळे दिवसभर ओढ लागत नाही. पिंप फार लहान असेल तर पाणी जरा उशिरा आलं की स्वयंपाक अडतो. बफर नमुन्यांमध्ये मोजतात : ६४, १२८, २५६, ५१२, १०२४. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील, तर १२८ च्या बफरमध्ये साधारण २.९ मिलिसेकंदांचा आवाज मावतो आणि १०२४ मध्ये २३ मिलिसेकंदांचा. म्हणजे १२८ वर कॉम्प्युटरला दर २.९ मिलिसेकंदांनी पुढचा घास तयार ठेवावाच लागतो. एकदा जरी उशीर झाला तरी ‘टिक्’.

मग लहान बफर ठेवायचाच कशाला? गाताना स्वतःचा आवाज सॉफ्टवेअरमधून, रिव्हर्ब (घुमारा) वगैरे लावून ऐकायचा असेल तर उशीर कमी हवा म्हणून. हवेतून आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे तेवढ्या उशिराची कानाला सवय असते. पण आत जाताना एक बफर, बाहेर येताना दुसरा आणि त्यावर यंत्राचा स्वतःचा वेळ असा हिशेब वाढत जातो. २५६ वर हा उशीर १२ मिलिसेकंदांच्या पुढे जातो आणि गायकाला तो खटकू लागतो.

माझी दुसरी चूक : आत्याचं रेकॉर्डिंग मी ६४ वर केलं होतं. डायरेक्ट मॉनिटर चालू होता, म्हणजे मला लहान बफरची काडीचीही गरज नव्हती. तिथे ५१२ किंवा १०२४ हवा होता. माझा आता साधा नियम आहे : डायरेक्ट मॉनिटर असेल तर ५१२, सॉफ्टवेअरमधून ऐकत गायचं असेल तर १२८, फार तर २५६ आणि जड प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअर) बंद, मिक्सिंगच्या वेळी १०२४.

नमुन्यांचा दर वाढवतानाही हेच ध्यानात ठेवा. ९६,००० वर तेच १२८ चं पिंप १.३ मिलिसेकंदांत रिकामं होतं आणि कामही दुपटीहून जास्त. बोललेल्या आवाजासाठी, अभंगासाठी, घरच्या कथाकथनासाठी ४४,१०० किंवा व्हिडिओसाठी ४८,००० पुरेसा आहे, हे मी ठामपणे सांगेन.

सीपीयू ३० टक्केच दिसतोय, मग करकर कशी?

कारण ती प्रोसेसरच्या सगळ्या कोअरची, म्हणजे त्यातल्या वेगवेगळ्या कामकरी भागांची, सरासरी असते. एका ट्रॅकवर एकामागून एक लावलेले प्लगइन बहुधा एकाच कोअरवर चालतात, आणि मास्टर ट्रॅकवरची (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथली) साखळी तर सगळ्यांच्या शेवटी. तिथे लिमिटर, लिनिअर फेज इक्वलायझर असे जड प्लगइन बसवले की तो एक कोअर गुदमरतो, बाकीचे रिकामे बसलेले. रिपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये परफॉर्मन्स मीटर उघडलं की कोणता ट्रॅक किती खातोय ते दिसतं. झालेले ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे प्लगइनसकट तयार आवाज साठवून ठेवा. मास्टरवरची सजावट शेवटी.

इंटरफेसचा स्वतःचा ड्रायव्हर न टाकणं

ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुवा असलेलं छोटं सॉफ्टवेअर. विंडोजवर इंटरफेस जोडला की तो आपोआप ओळखला जातो आणि आवाजही येतो, म्हणून बरेच जण तिथेच थांबतात. पण विंडोजचा सर्वसाधारण रस्ता लांबचा आहे. तो टाळण्यासाठीच स्टाइनबर्गने १९९७ मध्ये एएसआयओ ही पद्धत आणली. इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून एएसआयओ ड्रायव्हर उतरवा आणि सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तोच निवडा. एएसआयओ फोर ऑल हा ड्रायव्हर लॅपटॉपच्या आतल्या साउंड कार्डासाठी उपयोगी आहे, पण मूळ ड्रायव्हर उपलब्ध असताना तो वापरू नका. मॅकवर कोअर ऑडिओ असल्यामुळे ही डोकेदुखी बरीच कमी.

चार्जर काढून रेकॉर्ड करणं

ही माझी तिसरी चूक. हे मी का केलं ते सांगते, कारण अनेकांचं असंच होतं. गावच्या घरात चार्जर लावला की ‘हूंऽऽ’ असा सलग घुमणारा आवाज येत होता. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेचा तो. चार्जर काढला, आवाज गेला, मी खूश. पण बॅटरीवर गेल्यावर लॅपटॉपने वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवला, आणि ६४ च्या बफरला ते झेपलं नाही.

घुमणं आणि टिकटिक हे दोन वेगळे आजार आहेत. घुमण्याचं मूळ बहुधा अर्थिंगमध्ये असतं. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर घुमणं कमी-जास्त झालं, तर इलेक्ट्रिशियनकडून त्या प्लगचं अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनचा चार्जर दोन पिनच्या जोडणीत कोंबू नका आणि अर्थची पिन कधीही कापू नका, त्यात जिवाला धोका आहे. बॅटरीवर काम करावंच लागलं, लाइट गेली म्हणा, तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ‘बेस्ट परफॉर्मन्स’ निवडा आणि बफर वाढवा.

एवढं करूनही अधूनमधून टिकटिक येत असेल, तर लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतो ते त्यात नावानिशी दिसतं. एनडीआयएस हे नाव वर आलं तर नेटवर्क, म्हणजे बहुधा वायफाय. वायफाय बंद करून पुन्हा बघा. एनव्हीएलडीडीएमकेएम म्हणजे एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर. एसीपीआय म्हणजे बॅटरी आणि वीजव्यवस्थापन.

दोन घड्याळं एकत्र बांधणं

यूएसबी माइकमधून आत आणि लॅपटॉपच्या जॅकमधून बाहेर, अशी जोडणी केली की दोन यंत्रांची दोन घड्याळं होतात. दोन्ही ४८,००० म्हणत असली तरी अगदी तंतोतंत नसतात. काही मिनिटांनी एक पुढे जातं आणि तेव्हा एक ‘टिक्’ पडते. ठरावीक अंतराने, जवळजवळ घड्याळासारखी येणारी टिकटिक ऐकलीत तर आधी हाच संशय घ्या. हेडफोन माइकच्या किंवा इंटरफेसच्याच जॅकला लावा. विंडोजच्या साउंड सेटिंगमधला दर आणि प्रोजेक्टचा दर एकच ठेवा. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगसाठी नकोच.

माझी चौथी चूक : प्रोजेक्ट डेस्कटॉपवर होता आणि ते फोल्डर क्लाउडशी जोडलेलं. फाइल लिहिली जात असतानाच मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून वर चढत होती. रेकॉर्डिंगसाठी साधं, क्लाउडबाहेरचं फोल्डर करा, पेनड्राइव्हवर थेट लिहू नका, आणि इंटरफेस हबमध्ये न लावता लॅपटॉपच्या पोर्टमध्ये थेट, शक्यतो आखूड केबलने लावा.

पावसाळ्यात कॉम्प्युटरला दोष देणं

कोकणात किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये कंडेन्सर माइक वापरणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. माइकच्या कॅप्सूलमध्ये पातळ पडदा आणि त्यामागची तबकडी यांच्यात विजेचा दाब असतो. दमट हवेत तिथे ओल धरली की वीज झिरपते आणि तेलात मोहरी तडतडल्यासारखा आवाज येतो. तरंग मोठा करून बघितला तर तो कुठेही तुटलेला नसतो, आवाज खरोखरच माइकमधून आलेला असतो. इथे बफर कितीही वाढवा, उपयोग शून्य. पडताळणी सोपी आहे : त्याच केबलवर एखादा डायनॅमिक माइक (असा विजेचा दाब न लागणारा दुसऱ्या प्रकारचा माइक) लावा. तडतड थांबली तर कंडेन्सर ओला आहे. त्याला सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात एक-दोन दिवस ठेवा. हेअर ड्रायर मारू नका, पडदा फार नाजूक असतो. एसीच्या गार खोलीतून दमट खोलीत आणलेला माइक लगेच चालू न करता तासभर तसाच राहू द्या.

बिघडलेलं लगेच पुसून टाकणं

एक-दोन मिलिसेकंदांची ‘टिक्’ दुरुस्त होते. ऑडॅसिटीतलं ‘रिपेअर’ १२८ नमुन्यांपर्यंतचा तुकडा आजूबाजूच्या तरंगावरून भरून काढतं. संपूर्ण फाइलला डी-क्लिक (‘टिक्’ आपोआप शोधून काढणारं साधन) लावण्यापेक्षा मी एकेक जागा हाताने करते, कारण डी-क्लिक कधी कधी ‘क’, ‘ट’ यांचे खरे स्फोटही खाऊन टाकतं. मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवा.

आत्याच्या दीड तासात अशा चारशेहून जास्त जागा निघाल्या. तीन रविवार गेले. सात ठिकाणी मात्र अक्षरच नव्हतं, तिथे काही करता आलं नाही. दिवाळीत पुन्हा गावी गेले, बफर १०२४ वर ठेवला, चाचणी रेकॉर्डिंग ऐकून घेतलं आणि तिला त्या सात ओव्या म्हणायला सांगितल्या. तिने पाच म्हटल्या. उरलेल्या दोन तिला आठवल्या नाहीत. त्यांच्याऐवजी भावाच्या गावाकडच्या वाटेची एक ओवी म्हटली, जी मे महिन्यात तिने म्हटलीच नव्हती.