पत्र्याचा पोचा घरी काढताना पुट्टीला पाणी लावू नका

खानापूर, बेळगावकडच्या पावसात जुन्या गाडीच्या दाराला किंवा मडगार्डला पोचा पडला, की पुष्कळजण घाईने वरूनच पुट्टी, म्हणजे खड्डा भरायचा गाडीचा लगदा, थापतात. दोन पावसाळ्यांत तिथे फुगा येतो. नखाने उचकटला तर खाली तांबडा गंज. हे टाळता येतं.

आधी जागेवर लोहचुंबक फिरवा. पकड ढिली लागली तर तिथे आधीच कुणीतरी जाड पुट्टी भरलेली आहे. ती सगळी काढा. मग आतून लाकडी हातोडीने हळूहळू ठोका, पोच्याच्या कडेकडून मध्याकडे. एकदम मध्यावर जोर दिला तर पत्रा ताणतो, आणि ताणलेला पत्रा पुन्हा बसवणं फार अवघड.

80 नंबरच्या घासायच्या पेपरने रंग आणि गंज घासून पत्रा चकचकीत करा. पुट्टीत हार्डनर (ती घट्ट करणारा पदार्थ) वजनाने साधारण 2 टक्केच घाला, थोडंथोडंच कालवा आणि पातळ थर द्या. एकूण जाडी 3 मिलिमीटरच्या आत ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं: ही पुट्टी कोरडीच घासा. ती स्पंजासारखं पाणी पिते आणि ते पाणी रंगाखाली अडकतं. म्हणून उघडीप बघून काम काढा, त्याच दिवशी प्रायमर (रंगाआधीचा थर) मारा. पाणी लावून घासायचा पेपर वापरायचाच तर प्रायमर पूर्ण वाळल्यावर. घासताना तोंडाला मास्क हवाच.

दार नीट लागत नसेल किंवा चासी वाकली असेल, तर मात्र गाडी गॅरेजलाच न्या.