फोटो बिघडतोय म्हणून कॅमेरा बदलताय? आधी या चुका टाळा

मावसबहिणीच्या लग्नाच्या तोंडावर मी हप्त्यांवर नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेतली होती. वर्षभर जुन्या कॅमेऱ्याचे फोटो दुधाळ, धुरकट येत होते आणि सेन्सर जुना झाला अशी माझी पक्की समजूत झाली होती. नव्या बॉडीला जुनीच लेन्स लावून मी अंतरपाट दूर होतानाचे फोटो काढले. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिले तर धुरकटपणा जसाच्या तसा. मग लेन्समध्ये टॉर्च मारून पाहिला, तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली. दोन पावसाळे ती बॅग कपाटात बंद पडून होती. बिघाड लेन्समध्ये होता आणि पैसे मी बॉडीत घातले. तो क्षण पुन्हा टिपता येणार नाही, याचं वाईट आजही वाटतं.

तेव्हापासून कुणी "कॅमेरा बदलू का?" असं विचारलं, की मी आधी त्यांचे बिघडलेले दहा फोटो मागवून घेते. फोटोत नेमकं काय बिघडलंय हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर नवा कॅमेरा घ्यायची वेळ आलेली नाही. "क्वालिटी येत नाही" हे काही बिघाडाचं नाव नव्हे.

"धूसर येतो" म्हणजे नक्की काय?

फोटो शंभर टक्के मोठा करून पाहा. दिव्याचे, दागिन्यांचे चमकते ठिपके एकाच दिशेला ओढले गेले असतील, तर हात हलला आहे. माणूस हललेला पण मागची भिंत स्पष्ट असेल, तर शटर संथ होतं. चेहरा धूसर आणि मागचा पडदा धारदार असेल, तर फोकस चुकला. सगळीकडेच पातळ धुकं असेल, तर लेन्स किंवा फिल्टर तपासा. स्वस्त यूव्ही फिल्टरमुळे समोरच्या पणत्यांची हिरवट प्रतिबिंबं फोटोत उमटतात; फिल्टर काढून तोच फोटो पुन्हा घेतला की लगेच कळतं.

हात हलण्यासाठी जुना ठोकताळा अजून उपयोगी आहे. लेन्स २०० मिमीवर असेल आणि सेन्सर एपीएस-सी (बहुतेक हौशी कॅमेऱ्यांतला लहान आकाराचा) असेल, तर शटर १/३२० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. स्टॅबिलायझेशनमुळे तुमच्या हाताची थरथर सांभाळली जाते. वरातीत नाचणारा माणूस मात्र त्याने थांबत नाही.

फोकसची चाचणी डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) पाच मिनिटांत होते. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा आणि समोर भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा. एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून घ्या, दुसरा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून. लाइव्ह व्ह्यूमधला धारदार आणि व्ह्यूफाइंडरमधला मऊ आला, तर फोकसची जुळणी सरकली आहे. काही वरच्या मॉडेलांत ती मेनूतून सुधारता येते. कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० यांत ती सोय नाही, त्यामुळे बॉडी आणि लेन्स दोन्ही सर्व्हिस सेंटरला द्या. दोन्ही फोटो मऊ आले, तर संशय लेन्सवर घ्या.

व्ह्यूफाइंडरमधून सगळंच पुसट दिसतं पण फोटो छान येतो, अशीही तक्रार येते. तिथे डोळ्याजवळचं छोटं डायॉप्टर चाक (डोळ्याच्या नंबरप्रमाणे जुळवायचं) बॅगेत घासून फिरलेलं असतं, बाकी काही नाही.

अंधार आणि फुल-फ्रेमचा मोह

हळदीला घरातल्या ट्यूबलाइटखाली किट लेन्सने (कॅमेऱ्यासोबत येते ती) ५५ मिमीवर फोटो घेतला, तर अ‍ॅपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (लेन्सचं हे छिद्र; एफचा आकडा लहान, तितका प्रकाश जास्त). मग आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० आणि शटर १/६० वर यावं लागतं. चेहऱ्यावर दाणे, हात हललेले, आणि सगळे सांगतात, "फुल-फ्रेम घे," म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा.

इथे थोडा हिशेब करा. त्याच अ‍ॅपर्चरला फुल-फ्रेम सेन्सर एपीएस-सीच्या साधारण अडीच पट प्रकाश गोळा करतो, कारण त्याचं क्षेत्रफळ तेवढं मोठं आहे. आणि ५० मिमी एफ/१.८ लेन्स एफ/५.६ च्या जवळपास दहा पट प्रकाश आत घेते. तोच हळदीचा फोटो त्याच जुन्या बॉडीवर आयएसओ २००० आणि शटर १/२०० वर निघतो. ही लेन्स फुल-फ्रेम बॉडीच्या किमतीच्या अगदी छोट्या भागात मिळते. दोन माणसं पुढे-मागे असतील तर दोघांवर फोकस राहत नाही, ही तिची मर्यादा. तिथे छताकडे वळवलेला फ्लॅश कामी येतो.

निकॉन डी३५०० किंवा डी५६०० वाल्यांनी जुन्या बाजारातून ५० मिमीची "डी" लेन्स घेऊ नये. या बॉड्यांमध्ये फोकसची मोटर नसते आणि त्या लेन्समध्येही नसते, त्यामुळे ऑटोफोकस होणारच नाही. अशा वेळी लोक बॉडी बिघडली असं समजतात. "जी" लेन्स घ्या.

जुन्या रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले मूळ फोटो) टाकून देऊ नका, हेही सांगते. अडोबीने एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये आणलेल्या, दाणे कमी करणाऱ्या डीनॉइजने माझ्या कित्येक जुन्या फाइल छापण्याजोग्या झाल्या.

मेगापिक्सेल

करिझ्मा अल्बमचं एक पान १२ बाय १८ इंचांचं धरलं, तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ते पान भरून देतो. २४ वरून ४५ वर गेलात तरी फोटोची रुंदी ६००० पिक्सेलवरून सुमारे ८२५० होते, दुप्पट होत नाही. हार्ड डिस्क मात्र जवळपास दुप्पट वेगाने भरते. खूप क्रॉप करणाऱ्या पक्षी-छायाचित्रकारांना याचा खरा फायदा आहे, बाकीच्यांना क्वचितच.

कार्ड एरर आली तर फोटो आधी संगणकावर उतरवून घ्या, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, तरीही एरर आली तर दुसरं खात्रीचं कार्ड घालून पाहा. आकाशाच्या फोटोत एकाच जागी काळे ठिपके दिसले, तर सेन्सरवर धूळ आहे. मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) जरूर तपासा: २०१९ मध्ये निकॉन झेड६ आणि झेड७ यांना डोळ्यांवर फोकस करण्याची सोय एका मोफत अपडेटने मिळाली.

मग बदलायचा कधी?

लेन्स, प्रकाश आणि शटर नीट करूनही तोच एक फोटो पुन्हा पुन्हा हुकत असेल तेव्हा. भिगवणला उडणाऱ्या रोहित पक्ष्यांवर ९ फोकस-बिंदू आणि सेकंदाला ३ फोटो एवढ्यावर १५००डी खरोखर कमी पडतो. पक्ष्याचा डोळा ओळखून धरून ठेवणारी मिररलेस बॉडी तिथे सरळ फरक पाडते. पैसे घेऊन लग्नं करत असाल, तर दोन कार्ड स्लॉट हे मला सर्वांत पटणारं कारण वाटतं. एक कार्ड गेलं तर नवरा-नवरीला काय सांगणार? वारीत भर पावसात काम करत असाल, तर पाण्यापासून जपणारी बॉडी आणि तशीच लेन्स, दोन्ही हवीत.

घेण्याआधी ती बॉडी दोन दिवस भाड्याने आणा आणि जो फोटो हुकतो तोच काढून पाहा. जुन्या लेन्स चालतील का हेही बघा. कॅननच्या ईएफ (डीएसएलआरच्या) लेन्स अ‍ॅडॅप्टरने आरएफ (मिररलेस) बॉडीवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या डीएसएलआर लेन्स मिररलेसवर बसवणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरमध्ये मोटर नाही, म्हणून "डी" लेन्स तिथे हातानेच फोकस करावी लागते.

आलेली नवी बॉडी तरी बॅगेत कोंडू नका. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरतो. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. निळी जेल गुलाबी झाली की ती ओलाव्याने भरली, बदला. आणि एक्सचेंजच्या सवलतीसाठी जुनी बॉडी त्याच दिवशी देऊन टाकू नका. नवीवर हात बसेपर्यंत, निदान पहिली दोन-तीन कामं होईपर्यंत, ती चार्ज करून सोबत ठेवा.