पाने खाणारे कीटक कशामुळे आटोक्यात राहतात, हे जंगलात कसे तपासावे

जमीन हिरवी दिसते याचा अर्थ पाने खाणाऱ्यांना त्यांचे शत्रूच दाबून ठेवतात, अशी मांडणी हेअरस्टन, स्मिथ आणि स्लोबॉडकिन या पर्यावरणशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये केली. मात्र हिरवे दिसणारे प्रत्येक पान पोसणारे असतेच असे नाही. कीटकाच्या कोरड्या वजनात नत्र साधारण ७ ते १४ टक्के असते, तर पानांत ते बहुधा १ ते ५ टक्केच सापडते. शिवाय पान जून होते तसे नत्र आणखी घटते आणि ओकसारख्या झाडांत टॅनिन हे पचायला अवघड तुरट द्रव्य वाढते. त्यामुळे अन्नाचा कस आणि भक्षक या दोहोंची तपासणी एकाच प्रयोगात करावी लागते.

त्यासाठी एकाच जातीची, सारख्या उंचीची लहान झाडे घेऊन त्यांचे चार गट करावेत: एका गटाला नत्रयुक्त खत, दुसऱ्यावर जाळी, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला काहीच नाही. कोणते झाड कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकूनच ठरवावे, कारण आपण निवडायला गेलो की तजेलदार झाडाकडे हात आपोआप वळतो. जाळीची भोके पक्षी अडतील, पण पतंग आणि गांधीलमाश्या ये-जा करू शकतील एवढी असावीत. जाळी रात्रंदिवस ठेवल्यास वटवाघळेही अडतात. पनामातील अभ्यासात कीटक खाण्यात वटवाघळांचा वाटा लक्षणीय निघाला होता, म्हणून केवळ पक्ष्यांचा परिणाम हवा असेल तर ती दररोज सायंकाळी उचलावी लागते.

मोजणी आठवड्याला एकदा, प्रत्येक झाडाच्या ठरावीक पानांवर, दोन्ही बाजू पाहून करावी. अळ्यांची संख्या, त्यांची लांबी आणि पानाचा खाल्लेला भाग या तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्यात, कारण त्या नेहमी एकत्र वाढत नाहीत. निकृष्ट पानावरची अळी नत्राची भरपाई करण्यासाठी अनेकदा अधिक पान खाते, तरीही सावकाश वाढते आणि तेवढे अधिक दिवस भक्षकांच्या तावडीत राहते. येथे खताचा आणि भक्षकाचा परिणाम एकमेकांत गुंततो, आणि माझ्या मते प्रयोगाचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

मृत्यूचे कारण वाचायचे असेल, तर नागअळीचे, म्हणजे पानाच्या दोन पापुद्र्यांमधला गर पोखरत राहणाऱ्या अळीचे, पान उजेडासमोर धरावे. तिची वेडीवाकडी वाट जसजशी पुढे जाते तसतशी रुंद होते. वाटेच्या शेवटी बारीक गोल भोक असेल तर बहुधा आतून परोपजीवी गांधीलमाशी बाहेर पडलेली असते. वरचा पापुद्रा फाटलेला असेल तर भक्षकाने अळी ओढून नेलेली असते. आणि वाट शाबूत असून आत वाळलेली अळी असेल, तर पानाचा दर्जा किंवा रोग यांचा संशय घ्यावा. उघड्यावर राहणाऱ्या अळ्यांसाठी प्लॅस्टिसिनच्या (मऊ खेळमातीच्या) हिरव्या खोट्या अळ्या फांद्यांना चिकटवाव्यात. चोचीचे, दातांचे आणि मुंग्यांच्या जबड्यांचे ठसे त्यांवर वेगवेगळे उमटतात.

आकडे वाचताना चारही गट शेजारी ठेवावेत. केवळ खत दिलेल्या झाडांवर कीटक वाढले नाहीत, पण खत आणि जाळी दोन्ही असलेल्या झाडांवर वाढले, तर खताने झालेली वाढ भक्षकांनी खाऊन टाकली असे समजावे. अमेरिकेतील मिझुरी राज्यात पांढऱ्या ओकच्या रोपांवर केलेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पक्षी अडवल्यावर कीटक जवळपास दुप्पट झाले होते. मात्र अनेक झाडांच्या कळ्या आदल्या हंगामातच तयार होत असल्याने खताचा परिणाम पुढच्या पालवीत दिसू शकतो, म्हणून एका हंगामावर प्रयोग थांबवू नये.